गोळीचाही उपास

१९ सप्टेंबर, शुक्रवार

आलो बाई एकदाचे ठाण्याला! मे महिन्यात लग्न झाल्यापासून नाशिकला भाड्याच्या दोन खोल्यांत ढेकणांबरोबर संसार केला, आता हक्काचं घर. सुदेशची बदली घोडबंदर रोडच्या ऑफिसात झाली, म्हणून मुक्काम वर्तकनगरला, त्याच्या आईकडे. पितृपक्षात सामान हलवू नये म्हणतात, पण कंपनीला कोण सांगणार? टेम्पोवाल्याने माझं कपाट जिन्यात आडवं अडकवलं आणि वर मलाच अक्कल शिकवायला लागला. असा झापला त्याला की तळमजल्यावरच्या गोदूबाई दारात येऊन पदर तोंडाला लावून हसत होत्या.

सासूबाईंनी रस-घावने केलेले. मालवणकडच्या त्या, मला "बाय" म्हणतात. आई गेल्यापासून असं लाडाने कुणी हाक मारली नव्हती. खाता खाता मी चक्क रडले. ही बाई मला फार आवडली. मीही तिला आवडायला हवी, बस.

आयर्नच्या बाटलीतली गोळी न चुकता घेतली. आयर्न कसलं, डिप्रेशनची आहे. आई गेल्यावर सुरू झालेली. माहेरच्या, चिपळूणच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलंय की बंद करायची तर हळूहळू, त्यांना विचारून, एकदम कधीच नाही. स्थळ आलं तेव्हा मामाने मला तोंडावर बोट ठेवायला लावलं. सुदेशला वाटतं, बायकोच्या अंगात रक्त कमी.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. मला नवी पांढरी साडी, गजरा, सगळं साग्रसंगीत. सासूबाई म्हणाल्या, आपल्याकडे नऊ दिवस कडक. वरीचा भात, दूध, फळं, एवढंच. औषधाची गोळीसुद्धा नाही. त्या स्वतः ब्लडप्रेशरची बंद ठेवतात, म्हणे देवी सांभाळते.

माझ्या जिभेला हाड नाही. मी पटकन म्हटलं, मग मीपण असाच धरणार. सुदेश म्हणाला, उगाच हिरोगिरी करू नकोस. पण सासूबाईंनी माझ्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली आणि मी हवेतच गेले.

बाटली कपाटात मागे सारली. इतकं छान वाटतंय, गोळी हवीय कुणाला?

२५ सप्टेंबर, गुरुवार

मान वळवली की डोक्यात करंट बसतो. खोटं नाही, ओल्या हाताने फ्रीज धरल्यावर बसतो तसा. डोळे आधी पोचतात, डोकं मागून येतं. घामाने ब्लाउज भिजतो. झोपेत मी कुणालातरी मारत असते, आणि उठल्यावर हात खरंच दुखतात.

आणि राग! सुदेश केळं खाताना मचमच करतो. चार महिने ऐकतेय ती मचमच, कधी काही वाटलं नाही. आज वाटलं, लाटणं घ्यावं आणि तोंड बंद होईपर्यंत हाणावं. लाटणं हातात होतंही. मी ते खिडकीतून खाली टाकलं आणि बाथरूममध्ये जाऊन कडी लावून घेतली.

हे काय आहे ते मला कळतंय. गोळी अचानक तोडल्याचं आहे. बाटली काढलीसुद्धा, तर दारात सासूबाई. म्हणाल्या, आयर्न राहूदे गो बाय, देवीला शब्द दिलायस. तोंड एवढंसं झालं त्यांचं.

मी बाटली परत ठेवली. मूर्ख, मूर्ख बाई.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळच्या आरतीला बिल्डिंगमधल्या बायका आलेल्या. गोदूबाई झांज वाजवत होत्या. दर ठोक्याला करंट, डोक्यापासून टाचेपर्यंत. अंग उडायला लागलं, केस सुटले. बंद करा, बंद करा, असं मी ओरडले म्हणे. हाताला तांब्या लागला तो भिरकावला.

गोदूबाईंचं कपाळ फुटलं. रक्त नाकावरून हनुवटीवर. मी माफी मागायला धावले तर त्याच माझ्या पायांवर पडल्या. आपल्याच रक्तात बोट बुडवून त्यांनी ते भांगात भरलं. हसत होत्या.

सासूबाई म्हणाल्या, देवी आली. माझ्या सुनेच्या अंगात देवी आली.

२७ सप्टेंबर, शनिवार

सुदेशला सगळं सांगितलं. गोळ्या, आई, चिपळूण. हात जोडून म्हटलं, मला डॉक्टरकडे ने, नाहीतर मी कुणाचातरी जीव घेईन. तो आधी एकच बोलला, लग्नाआधी का नाही सांगितलंस. मग म्हणाला, लोकांनी वेडी म्हणण्यापेक्षा देवी बरी, दसऱ्यापर्यंत काढ.

आणि बाटली संडासात ओतून फ्लश ओढला.

मी त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला, दात हलला. परत मारलं. दारात सासूबाई उभ्या राहिल्या, तर नवऱ्याने रक्ताळल्या तोंडाने मला नमस्कार केला.

२८ सप्टेंबर, रविवार

जिन्यात रांग. ओट्या, नारळ, खण. माझा फोन काढून घेतला, देवीला फोन कशाला म्हणे.

लोकमान्यनगरची एक बाई मुलासाठी रडत पायाशी वाकली. तिचे केस माझ्या मुठीत आले आणि मी फरफटवलं तिला. पार उंबऱ्यापर्यंत. बुचका हातात उपटून आला. तिने तो पदराला बांधून घेतला!

मला बरं वाटलं. तिला ओढताना डोक्यातला करंट थांबला. हे मी कुणाला सांगू? मला बरं वाटलं.

३० सप्टेंबर, मंगळवार

सगळ्यांसमोर ओरडून सांगितलं, मी आजारी आहे, माझी गोळी तुटलीय. बायका म्हणाल्या, उदो उदो.

पळाले. सुदेशने जिन्यात धरलं. त्याच्या हाताचा लचका तोडला. तोंडात अजून चव आहे—

वही घेतली की कुणी अडवत नाही. देवी कौल लिहिते म्हणे. पानावर डॉक्टरीणबाईंचा नंबर लिहून फाडून एका बाईला दिला. सुदेशने तो तिच्याकडून घेऊन घडी करून खिशात घातला. कौल बाहेर वाचायचा नसतो, म्हणाला.

१ ऑक्टोबर, बुधवार

खंडेनवमी. घरातली हत्यारं पाटावर मांडलीत. विळी, सुऱ्या. मधोमध सासऱ्यांचा गावचा कोयता, माळ्यावरून काढून धार लावून आणलेला. झेंडू, कुंकू.

सासूबाईंनी तो उचलून माझ्या मांडीवर ठेवला. नको म्हटलं. किंचाळले—

उदो उदो.

झांज सुरू. दर ठोक्याला उजवा हात उडतो. कोयत्याकडेच जातो. म्हणून त्या हातात पेन धरलंय. पेन आहे तोवर हात अडकलेला. लिहितेय. लिहीत राहायचं—

सासूबाई पुढे आल्या. म्हणतात, सगळ्यांना प्रसाद मिळाला, मलाच नाही. पदर मानेवरून काढला. वाकल्या. माझ्या पायांवर डोकं. मान उघडी, बारीक, पांढरे केस चिकटलेले—

आई, उठा.

उठत नाहीत. सुदेश, उचल त्यांना. सुदेश व्हिडिओ काढतोय—

झांज थांबवा गोदूबाई. गोदूबाई डोळे मिटून—

काहीही लिही. विनिता. वर्तकनगर. बुधवार. बुधवार. आई, उठा ना. मला तुम्ही आवडता हो. घामाने पेन निसटतंय. दोन बोटांत आहे फक्त. लिही विनिता, लिही. आई ऊठ गं. पेन—