गुळावर उडणारं यान

प्रिय दादा,

सप्रेम जय भीम. तुझा फोन बंदच लागतो, म्हणून हे पत्र सतीशच्या हाती देते आहे. तो तुझ्या सिनेमाची डिस्क घेऊन रविवारी पुण्याला येतोय. आधी तुझ्या सिनेमाचं लिहिते आणि घरचं शेवटी. हा क्रम मी मुद्दाम ठरवला आहे, रागावू नकोस. आणि मधलं सोडून शेवटाकडे जाऊ नकोस.

सतीश परवा दारातच उभा राहून म्हणाला, "आमू, तुझा भाऊ येडा झालाय का? फोन बंद करायच्या आधी मला म्हनला, रविवारी डिस्क घेऊन ये, समदं पुसायचं. नेटवरूनबी काढायचं. एका मानसानं पेपरात चार वळी लिवल्या म्हनून?" मला त्याच्यासारखं ते उडवून लावता आलं नाही. त्या चार ओळी नव्हत्या, अर्धं पान होतं, आणि ते मला आता पाठ झालं आहे. 'यान आहे, परग्रह आहे, खोली मात्र कुठेच नाही. ऊसतोड कामगाराच्या मुलाकडून ही अपेक्षा नव्हती.' शेवटच्या फोनवर तू मला विचारलंस, आमू, तू खोटं बोलत नाहीस, तू सांग, आहे का खोली? आणि उत्तर ऐकायच्या आत फोन ठेवून दिलास. तेव्हापासून ते उत्तर घेऊन मी घरभर फिरते आहे. कधी वाटतं बहीण म्हणून कौतुक करते आहे, कधी वाटतं बहीण म्हणूनच जास्त कडक होते आहे.

म्हणून बाबांनी शिकवलं तसंच करते. आपल्याला शाळा फार उशिरा भेटली. त्याआधीची सगळी शाळा साखर कारखान्याच्या तळावर, पाचटाच्या कोपीच्या तोंडाशी झाली. चुलीतली राख पसरून बाबा त्यात काडीनं अक्षरं काढायचे, आणि आई ओरडायची, "आवो, त्या राखंनं मला भांडी घासायचीत!" मुकादमाच्या टीव्हीवर सिनेमा लागला की आपण सगळे पाहून यायचो, आणि भाकरी खाताना बाबांची परीक्षा सुरू व्हायची. मी म्हणायचे, छान होता. बाबा म्हणायचे, "छान हे तुझं झालं. सिनेमाचं सांग. आधी काय दिसलं ते, काय वाटलं ते मग." तू चिडून म्हणायचास, "सिनेमा बघावा का पंचनामा करावा?" पण सांगायचास तूच जास्त.

तर मला काय दिसलं. आष्टीच्या माळावर एक यान उतरतं. ते लोखंडी पाण्याच्या टाकीचं केलं आहे हे लपत नाही. विहाराच्या बाहेरच्या भिंतीवर आपण सिनेमा पहिल्यांदा दाखवला तेव्हा छबुबाई मोठ्यानं म्हणालीच, "आगं, ही तर आमची गळकी टाकी! हिला पानी धरवंना, अन् ही आभाळात चालली व्हय?" सगळा विहार हसला. यानातून तिकडचा मुकादम उतरतो, म्हणजे आपले बाबा, डोक्यावर स्टीलची चाळणी घालून, आणि त्यांच्या ग्रहावर ऊस तोडायला टोळी मागतो. एक म्हातारी म्हणते, माझी म्हैसही बरोबर घेतली तर येते. मग म्हैस हळूहळू वर जाते आणि रवंथ करत राहते. त्या वेळी छबुबाई हसायची थांबली होती. तिनं पदर तोंडाला लावला होता आणि वर बघत होती, भिंतीकडे नाही, खऱ्या आभाळाकडे. हे मला दिसलं.

आता समीक्षकाला काय दिसलं. त्याला दिसलं की यान गुळाच्या धुरावर चालतं आणि शेवटी गूळ संपल्यावरही उडतं. हे खरं आहे, दादा. मलाही ते पहिल्यांदाच खटकलं होतं. विज्ञानकथेत काहीही चालतं, पण आपण घातलेला नियम आपणच मोडला की माणसाचा विश्वास उडतो. शेवट घाईत झाला आहे, हेही खरं. 'परग्रहावरचा मुकादम झालेल्या हौशी नटाला संवाद म्हणता येत नाहीत' असंही त्यानं लिहिलं. ते बाबांनी चष्मा लावून स्वतः वाचलं आणि हसत म्हणाले, "बरोबर हाय त्याचं. मी कुठं नट हाय?"

पण खोलीचं मात्र मला पटत नाही, आणि हे मी रागानं म्हणते आहे का, हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा विचारलं आहे. त्यानं त्या पानात जिथे जिथे खोली मागितली आहे, तिथे त्याला हाल हवे आहेत. टोळीचे हाल, आईचे हाल. दुसऱ्या कोणाचं यान नुसतं उडलं तरी चालतं, आपलं यान मात्र रडतच उडलं पाहिजे. आणि खोल गेलं म्हणजे पाणी लागतंच असं नाही, हे बोअर मारणाऱ्या आष्टीच्या माणसाला कोणी सांगायला नको. त्याला जे दिसलं ते मान, दादा, आणि दुरुस्त कर. त्याला जे हवं होतं ते तू त्याला देणं लागत नाहीस. तुझा सिनेमा खोल नाही. म्हैस उडते एवढंच त्यात आहे, आणि ती खरोखर उडते. हे माझं उत्तर. ते चुकलेलं असू शकतं, पण खोटं नाही.

आता घरचं. बाबांना लकवा मारला आहे. मागच्या आठवड्यात, सकाळी चहा पिता पिता. बीडला दवाखान्यात ठेवलं होतं, आता घरी आणलंय. जिवाला धोका नाही म्हणतात. उजवा हात उचलत नाही आणि वाचा गेली आहे. येईल का, याचं डॉक्टर नक्की सांगत नाहीत. मी तुला किती फोन केले ते तुझा मोबाईल चालू केलास की दिसेल. हे आधी लिहिलं असतं तर सिनेमा तू दयेपोटी ठेवला असतास, आणि माझं एकही वाक्य तुला खरं वाटलं नसतं. म्हणून थांबले, आणि तू पत्र वाचून होईपर्यंत काही सांगू नकोस असं सतीशलाही बजावलं आहे. रोज दुपारी आई मोबाईल त्यांच्यासमोर धरते आणि ते तुझा सिनेमा बघतात. मुकादम बोलायला लागला की बाबांचे ओठ हलतात, आवाजाच्या जरा आधीच. त्यांचा आवाज मात्र येत नाही. आई म्हणते, "म्हना, म्हना की," आणि तोंड फिरवते. आपल्या घरात कोणी कधी कुणाचा आवाज भरून ठेवला नाही, दादा. बाबांचा आहे तो एवढाच, तुझ्या सिनेमातला. सतीश मला गुपचूप प्रत करून देत होता, मी घेतली नाही. सिनेमा तुझा आहे, तुला विचारल्याशिवाय कशी घेऊ? म्हणून विचारते आहे. सतीश तुझ्यासमोर उभा असेल. त्याला डिस्क परत घेऊन जायला सांग, आणि त्याच्याच गाडीत बसून ये.

वाट बघणारी तुझीच,
आमू