ओल्या रंगावरची काजळी

३ नोव्हेंबर, सोमवार
महाबळेश्वरच्या हॉटेलच्या बारा पाट्या. खोल्यांना पक्ष्यांची नावं: बुलबुल, कोतवाल, तांबट... सागवान, पांढरा रंग. हॉटेलवाल्यांची अट: "काचेसारखं गुळगुळीत पाहिजे." अक्षरं कोरून झाली. अक्षरं माझी, रंग मिलिंदचा, अशी वाटणी होती. आता रंगही माझाच. तो सोडून गेल्याला वर्ष झालं.

६ नोव्हें.
सीलरचं अस्तर मारलं, घासलं, परत मारलं. स्प्रे गन वीतभर लांब धरायची, हात थांबू द्यायचा नाही, एवढं मिलिंदकडे बघून ठाऊक. करताना थांबतोच. ‘बुलबुल’वर ओघळ. तो रंग मारायचा तेव्हा मी पाटी फिरवायचो. आता मीच पाटीभोवती फिरतो. दोनदा बाही लागली.
दिवसभरात बोललो ते दूधवाल्याशी. "अर्धा लिटर."

९ नोव्हें.
हात बसला. तीन पाट्या सुंदर वाळल्या. दाखवायला कोणी नाही.

११ नोव्हें.
सकाळी पाच पाट्यांवर काळे ठिपके. मोहरीहून बारीक. रंग गाळला होता, गन थिनरनं धुतली होती, हात साबणानं दोनदा.
हेच ठिपके. गेल्या वर्षी साताऱ्याच्या डॉक्टरबाईंच्या पाटीवर असेच होते आणि बाईंच्या समोर मी मि.ला म्हणालो, "हात स्वच्छ ठेवत जा रे जरा."
तो नळावर गेला. बराच वेळ हात धुतले. येऊन दोन्ही तळवे माझ्यापुढे धरले. "बघ." जेवणाचा डबा उचलून गेला, तो परत आला नाही.
कॉलेजपासूनची वीस वर्षं. त्याच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नसत, हे त्यानंच मला सांगितलेलं. तरी हे वाक्य, आणि त्यालाच. चिडलो होतो, मनात तसं काही नव्हतं, असं वर्षभर स्वतःला सांगतोय. मनात नव्हतं तर तोंडात कुठून...

१२ नोव्हें.
शेजारच्या शांताकाकी दोरीवरचं धुणं आत नेत होत्या. पाटी दाखवली. हसल्याच.
"आवं सर, ही कारखान्याची काजळी. उसाचं गाळप सुरू झालं की आमी धुणं घरात वाळत घालतो. एवढं शिकला, आन् म्हाईत न्हाई व्हय? मिलिंद दाराला वलं तरट लावायचा की दरसाल."
लावायचा. मला वाटायचं, उन्हासाठी. गेल्या वर्षी बाई येणार, शेड जरा नीट दिसावी, म्हणून ते तरट मीच काढून कोपऱ्यात टाकलं होतं.

१५ नोव्हें.
खात्री हवी म्हणून दोन फळ्या रंगवल्या. एक उघड्यावर ठेवली, एक ओल्या तरटाआड. उघडीवर ठिपके. दुसरी आरसा.
शंका फिटली. बरं वाटायला हवं होतं.

१७ नोव्हें., सोमवार
मिरज. मि. तिथं सतार करणाऱ्यांकडे पॉलिशला आहे. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर चिंधी फिरवत होता. मी ठिपक्यांची फळी पुढे केली.
"काजळी," मान वर न करता.
"तुला तेव्हाच ठाऊक होतं?"
"व्हय."
"मग बोलला का नाहीस?"
"तू विचारलंस कुठं? तू सांगितलंस."
"चूक माझीच. तरट मी काढलं होतं."
"तरटाचं काय घेऊन बसलायस, गड्या." चिंधी परत भोपळ्यावर टेकवत, "सरक. उजेड अडतोय."
गड्या म्हणाला. परतीच्या एसटीत तेवढंच घोळवत होतो.

१९ नोव्हें.
बाराही पाट्या झाल्या. बोट फिरवलं तर कुठं अडत नाही. ठिपक्यांची फळी मात्र घासली नाही, राहू दे.
मी माफी कशाची मागितली? तरटाची. ते वाक्य मिरजेत माझ्या तोंडून निघालंच नाही. फळी नेली ती तरी कशाला? त्याचे हात स्वच्छ होते याचा पुरावा म्हणून? त्याला पुरावा कधी हवा होता? तळवे त्यानं दाखवलेच होते.
"तरटाचं काय" म्हणाला तेव्हा तो वाट बघत होता बहुतेक. मी सरकलो.
उद्या सव्वासातची मिरजेची एसटी. बरोबर काही न्यायचं नाही. काय म्हणायचं ते इथं लिहून बघितलं, चारदा खोडलं. तो मान वर करेपर्यंत उभं राहायचं, एवढंच ठरलंय.