ओढणीत बांधलेलं मशीन

प्रिय शमीमआपा,

तुझ्यावर चिडले आहे, म्हणून लिहिते आहे. काल तुझी लेक नाजनीन आली होती. पुढच्या आठवड्यात रमजान लागतोय, आणि आता तिलाही शुगर आहे. तुझ्या कपाटात तिला शुगर तपासायचं मशीन सापडलं, ओढणीत गुंडाळलेलं. महिनाभर तू ते बांधून ठेवायचीस ना? बोटातून रक्त काढलं की रोजा तुटतो, असं तुला सांगितलं तरी कुणी?

मौलानांना एकदा विचारायचंस! नाजनीननं विचारलं, तू गेल्यावर. ते म्हणाले, "उंगली से खून जाँचने से रोज़ा नहीं टूटता, बेटी. और जान पर बन आए तो खोल देना चाहिए." एवढं सोपं होतं! वर्गात पोरांना "शंका असेल तर विचारा" म्हणून दटावणारी तू, स्वतः का नाही विचारलंस?

आणि ती गोळी! सकाळची गोळी तू तशीच्या तशी सहरीला, पहाटेच्या खाण्याबरोबर घ्यायचीस, आणि मग दिवसभर पोटात काही नाही. डॉक्टर म्हणाले, रमजानच्या आधी आल्या असत्या तर वेळ आणि मात्रा बदलून दिली असती. मी चल म्हटलं होतं ना तुला? पुरानी बस्तीत मराठी शेजारात वाढलेली तू, माझ्याच भाषेत मला गप्प केलंस. "मले शिकवून राहिली का, कुंदा? लहानपणापासून रोजे ठेवून राहिली मी."

मीही गप्प बसले. दुसऱ्याच्या धर्मात आपण कशाला तोंड घालायचं? रमजानात तुझ्यासमोर खायचं नाही म्हणून मी डबा घेऊन स्टाफरूमबाहेर व्हरांड्यात जायचे. त्याचा केवढा अभिमान होता मला!

गेल्या रमजानात, त्या दुपारी तू वह्या तपासत होतीस. हात थरथरत होता, पंख्याखाली बसूनही घाम फुटला होता. मी विचारलं, "आपा, बरं नाही वाटून राहिलं का?" तर खेकसलीस, "जा ना तू! मले काम करू दे!" मला राग आला. उपास लागला असेल, म्हटलं, आणि डबा उचलून बाहेर गेले. साखर उतरली की माणूस असं चिडतं, हे मला नंतर कळलं. माझ्या पर्समध्ये लिमलेटच्या गोळ्या होत्या गं. तुझा रोजा मोडायला नको म्हणून मी त्या बाहेरसुद्धा काढल्या नाहीत. परत आले तेव्हा तू फरशीवर पडली होतीस. मग तू डोळे उघडलेच नाहीस.

कसली ही आदब? कुणाच्या कामाची?

काल नाजनीन सहज बोलून गेली, "मौसी, मैं भी सुबह की गोली सहरी में ले लूँगी." असा संताप आला मला! अगदी तुझीच पोट्टी! आज हात धरून तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी गोळ्या बदलल्या. मशीनमध्ये नवीन सेल घातला. कोणत्या आकड्याला रोजा सोडायचा, ते तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं.

यंदा रोज दुपारी मी तिच्या घरी जाणार आहे. आकडा माझ्या डोळ्यांनी बघणार. ती खेकसली तरी जागची हलणार नाही. आणि तिचा हात थरथरला ना, आपा, तर तिच्या तोंडात खजूर मीच घालीन.

तुझ्यावर अजून रागावलेली,
कुंदा