रेकॉर्डिंग एकदाच वाजतं

वडगाव निंबाळकर,
शुक्रवार

प्रिय दिग्विजय,

सृष्टी इंग्रजीच्या परीक्षेत पास झाली. काल दुपारी निकाल लागला आणि बारामतीत ज्यांच्या क्लासमध्ये मी शिकवते त्या ऋषिराज सरांनी तिच्या मोबाईलवर तो स्वतः पाहून खात्री केली. ऐकणं आणि वाचन, दोन्हींत परदेशातल्या हॉस्पिटलला हवेत त्याहून जास्त गुण आहेत. बातमी तुला कळली असणारच. इंदापूरला तुमच्या घरी पेढेही वाटले, असं मोना म्हणाली. तुला कळली नसेल ती एवढीच गोष्ट, की तुझ्या होणाऱ्या बायकोकडून या परीक्षेची तयारी मी करून घेतली. सृष्टी तुला फोनवर क्लासमधल्या मॅडमबद्दल पुष्कळ सांगायची. त्या मॅडमचं नाव तू एकदाही विचारलं नाहीस.

आपला साखरपुडा झाला तेव्हा तू मला एक वाक्य म्हणाला होतास, "तू फक्त पास हो, बाकीचं माझ्यावर सोड." मला ते फार आवडलं होतं. तुला डाळिंबाच्या बागेत करमत नव्हतं, बाहेर जायचं होतं, आणि शेतीच्या पदविकेवर तुला तिकडं कुणी बोलावत नव्हतं. नर्स मात्र त्यांना हवी होती, आणि नर्सबरोबर तिच्या नवऱ्यालाही व्हिसा मिळत होता. मोना तुझी बहीण आणि माझी नर्सिंगच्या हॉस्टेलची मैत्रीण, तिनंच स्थळ जमवलं. यात मला काही वावगं वाटलं नाही. दोघांनी मिळून जायचं, एवढाच त्याचा अर्थ मी घेतला.

त्या वेळी आमच्या घरात परीक्षेचं जे प्रस्थ होतं ते तुला आठवतं का? परीक्षेत रेकॉर्डिंग एकदाच वाजतं, म्हणून मी ऐकण्याचा सराव करायला बसले की आबा कडबाकुट्टी बंद करायचे. म्हशी वैरणीसाठी हंबरायच्या, तर आबा त्यांनाच दबक्या आवाजात गप्प करायचे. शेजारची सारजाकाकू एकदा घाबरून आली आणि दारातूनच तिनं विचारलं, "कोण आजारी हाय का वं? घर आसं चिडीचाप का?" तिला सांगितलं, की पोरगी इंग्रजी ऐकतीय. मग काकूही उंबऱ्यावर बसून राहिली, हातातला चहा न पिता, जणू तिलाही गुण मिळणार होते. पुढं बसमध्ये मी हेडफोन लावायचे. बाहेर उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी लागलेली असायची आणि माझ्या कानात स्कॉटलंडची कुणी बाई वाचनालयाच्या वेळा सांगत असायची. रविवारी तू इंदापूरहून यायचास. बारामतीत कालव्याच्या कडेला बसून आपण एकच हेडफोन वाटून घ्यायचो, एक टोक तुझ्या कानात, एक माझ्या. तू दर वेळी झोपायचास. मला वाटायचं, पहाटे उठून बागेला पाणी देऊन आलेला आहे, झोपू दे.

मी थोडक्यात नापास झाले. बातमी सांगितली तेव्हा तू म्हणालास, काही हरकत नाही, परत देऊ. त्यानंतरच्या आठवड्यात तुमचे महिपती तात्या चार माणसं घेऊन आमच्या ओसरीवर आले. भावकी बसली होती, आबांनी सगळ्यांना चहा दिला. तात्या म्हणाले, "पोरगी गुणाची हाय, त्यात वाद न्हाय. पर परीक्षेचं काय खरं न्हाय. आमी किती दिस वाट बघायची?" सोयरीक मोडून तेवढ्यावर थांबले असते तरी मी समजून घेतलं असतं. पण ते पुढं हसून म्हणाले, "हिला हितं इंग्रजी ऐकू येत न्हाय, तितं डॉक्टरचं काय ऐकणार?" आणि त्यांची माणसं हसली. आमच्या भावकीतलेही दोघं हसले, ते मी विसरलेले नाही. आबा किटली हातात घेऊन तसेच उभे राहिले. तुला ताप आला आहे म्हणून तू आला नाहीस, असं तात्यांनी सांगितलं. ताप नव्हता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी दूध संकलन केंद्र आहे, तिथं तू गाडीत काचा वर करून बसला होतास. हे मला मोनानं सांगितलं, आणि सांगताना ती रडली. मी रडले नाही. मी परीक्षेचा दुसरा अर्ज भरला आणि पास झाले.

दुसऱ्या वेळी मला माझी चूक कळली होती. वाचनाच्या भागात एक प्रश्न असतो. उतारा वाचायचा आणि खाली दिलेलं विधान बरोबर, चूक, की त्याची माहिती उताऱ्यात दिलेलीच नाही, ते ठरवायचं. आपल्याकडची मुलं हटकून याच प्रश्नात फसतात. कारण आपण बैठकांत वाढलेले. आपल्याकडं लग्न ठरवताना निम्म्या गोष्टी कुणी बोलतच नाही. पोरीला काही कमी पडणार नाही, असं एक माणूस म्हणतो आणि समोरचा त्यात घर, माया, आधार सगळं आपल्या मनानं भरून घेतो. न दिलेली माहिती आपण बरोबर धरतो. मीही तुझ्या त्या वाक्यात केवढं काय काय भरून घेतलं होतं.

पास झाल्यावर ऋषिराज सरांनी मला क्लासवर बोलावलं. हॉस्पिटलची सकाळपाळी करून दुपारी मी शिकवायला लागले. गेल्या पावसाळ्यानंतर लोणी भापकरची एक मुलगी आली, हुशार, नर्सिंग झालेली, साखरपुडा झालेली. आई छबूबाई, भाजीपाला करते आणि बारामतीच्या बाजारात स्वतः विकते. वडील नाहीत. एका दुपारी ती डबा खात होती, हात खरकटा म्हणून तिनं फोन स्पीकरवर ठेवला. पलीकडून तू म्हणालास, "तू फक्त पास हो, बाकीचं माझ्यावर सोड." शब्द तेच आणि 'फक्त'वरचा जोरही तोच. आवाज ओळखायला मला हेडफोन लागले नाहीत.

मधे काही दिवस मोनानं माझ्याशी बोलणं टाळलं होतं ते का, हे मला तेव्हा समजलं. आता तू म्हणशील, की मी तिला मुद्दाम चुकीचं शिकवलं असतं तर तुझी परदेशवारी तिथंच बुडाली असती. ऋषिराज सरांनाही तीच काळजी वाटली, सगळं कळल्यावर ते म्हणाले, की हवं तर हिची बॅच बदलू. मी नको म्हटलं. नापास मुलीचं तुम्ही काय करता ते मी अनुभवलं आहे. ती तुमच्याकडून नाकारली जाते आणि तुम्ही पुढचं घर गाठता. तुला नाही म्हणायचं तर तिनं आधी पास व्हायला हवं. म्हणून मी तिच्यावर इतकी मेहनत घेतली, की सरांनी माझं कौतुक केलं.

तुझ्याविषयी मी तिला काही सांगितलं नाही. फक्त तुझा फोन आला की तो सराव धरायचा, असं ठरवलं. बोलणारा माणूस काय म्हणाला, काय म्हणाला नाही, त्यावर मी प्रश्न विचारायचे आणि ती हसत उत्तरं द्यायची. तिकडं गेल्यावर तो काय काम करणार? माहिती दिलेली नाही. घरभाडं, स्वयंपाक कुणाकडं? दिलेली नाही. 'बाकीचं' म्हणजे नेमकं काय? तिथं ती हसायची थांबली. मग एकदा माझ्यासमोरच तिनं तुला विचारलं, की मी नापास झाले तर? तुला आठवत असेल. तू म्हणालास, "आत्तापासनं वंगाळ कशाला बोलतीस? बघू की. तात्या हायत ठरवायला." तिनं फोन ठेवला, डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाली, "मॅडम, हे उत्तर दिलेलं आहे."

त्या दिवशी मी तिला माझं सगळं सांगितलं. ती माझ्यावर चिडली, आणि ते बरोबरच होतं. तिला वाटलं, मी तिला प्यादं केलं. बरेच दिवस ती क्लासला आली नाही. मग एक दिवस आली ती आईला घेऊन. छबूबाई बाजारातून थेट आल्या होत्या, पदराला मेथीचा वास. त्या माझ्यासमोर बाकावर बसल्या आणि मला निरखून म्हणाल्या, "तू बदला घेतीयास व्हय गं?" मी म्हटलं, होय. मग म्हणाल्या, "घे. माझं काय म्हणणं न्हाय. पर त्या नादात माझ्या पोरीचं इंग्लिश कच्चं ठिवू नगंस." मी ते कच्चं ठेवलं नाही.

आता रविवारचं. लग्नाची तारीख धरायला तात्या तुमच्या माणसांना घेऊन लोणी भापकरला येणार आहेत. छबूबाई सगळ्यांना चहा देतील, फराळाचंही करणार आहेत, पाहुण्यांना उपाशी लावून द्यायची त्यांची पद्धत नाही. मग सृष्टी साखरपुड्याची साडी आणि अंगठी ताटात ठेवून बाहेर येईल आणि बोलेल. तिच्या व्हिसाच्या अर्जात सोबत येणारं कुणी नाही, ती एकटी जाणार आहे. छबूबाईंचं म्हणणं असं, "जाईल तर आपल्या पायानं जाईल. कुणाचं पोरगं पाठुंगळीला घिऊन न्हाय." सृष्टीनं काय बोलायचं ते तिचं तिनं ठरवलं आहे. मी फक्त तिच्याकडून सराव करून घेतला, घाई न करता, स्पष्ट, ओसरीच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं.

हे पत्र मी तुला आधी पाठवते आहे, कारण तू यावंस अशी माझी इच्छा आहे. तू मागच्यासारखा गाडीत बसून राहिलास तर माझं निम्मं समाधान जाईल. पत्र मोनाच्या हाती देते. आत काय आहे ते तिला माहीत नाही, तिच्यावर राग काढू नकोस. वाचून तू तात्यांना सावध करशील आणि बैठक मोडशील, हेही मी धरून चालले आहे. मग तुला त्यांना कारण सांगावं लागेल, ज्या पोरीला ऐकू येत नव्हतं तिचं नाव घ्यावं लागेल, आणि तेही मला चालेल. आणि तू तसं करणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तू गप्प राहशील, आणि निघायच्या वेळी तुला ताप येईल. मोना नर्स आहे. थर्मामीटर घेऊन बस, एवढं मी तिला सांगून ठेवलं आहे. लोणीत त्यांच्या घराच्या थेट अंगणापर्यंत गाडी जाते, वाटेत कुठं दूध संकलन केंद्र लागत नाही. किटली घेऊन उभे राहायला आमचे आबाही तिथं असतील, छबूबाईंनी त्यांना आग्रहानं बोलावलं आहे. मी त्यांच्या शेजारी असेन. तात्यांच्या बाजूला तुझ्यासाठी जागा ठेवली आहे. ये, समोर बस, आणि या वेळी झोपू नकोस. रेकॉर्डिंग एकदाच वाजणार आहे.

तुझी होता होता राहिलेली,
स्वरूपा