बांगडे, ओला टॉवेल आणि आईचा तिसरा नको

पोशीर, मंगळवार

तीर्थस्वरूप आबाजीमामांस,

भाचा मनोज याचा कशेळ्याच्या दिशेला तोंड करून साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा कसा आहे? वैद्याचं तेल चोळता की बाटली नुसती फळीवर ठेवून तिच्याकडे बघता? मामी गेल्यापासून तुम्ही दोन्ही वेळा नीट जेवता का, हे मला खरंखरं कळवा. आमच्याकडे सगळे ठीक. फोन न करता पत्र लिहितो आहे याचा राग मानू नका. तुम्ही नाक्यावर बसून फोन स्पीकरवर लावता आणि जीपची वाट बघणारा अख्खा नाका आमचं घर ऐकतो. गेल्या खेपेला मला सर्दी झाली तर नेरळच्या माणसाने मला ओवा सुचवला होता. पुढची हकिगत तशी ऐकण्यासारखी नाही.

आईला मी बोटीवर उपाशी मारलं, असं तुमच्या कानावर आलं असेल. (कोणी सांगितलं तेही मला ठाऊक आहे, पण जाऊ द्या.) ते अर्धंच खरं आहे. झालं असं की खालापूरजवळच्या आमच्या रिसॉर्टच्या वार्षिक कार्यक्रमात चिठ्ठ्या काढल्या आणि मोठ्या बोटीवरची मुंबई-गोवा-मुंबई सहल दोन माणसांची माझ्या नावावर निघाली. नम्रताला दवाखान्यातल्या कामातून रजा मिळेना. तीच म्हणाली, आईंना न्या, हल्ली फार वाळल्यात, समुद्राची हवा लागेल, चार घास जास्त जातील. तुम्हीही गणपतीत आईचा हात धरून हेच म्हणाला होतात, मन्या, ही काडी झाली रं. तेव्हापासून माझ्या जिवाला घोर होता. म्हणून ठरवलं, या सहलीतून काही नाही तरी आई दोन किलो वजन वाढवून परत आली पाहिजे.

आता माझं काम तुम्हाला माहीत आहे. सतरा वर्षं मी रिसॉर्टच्या फाटकावर उभा आहे आणि बाहेरचं खाणं आत जाऊ देत नाही. माणसाच्या चेहऱ्यावरून मला डबा कळतो. लोकांनी माझ्यासमोर काय काय करून पाहिलंय म्हणून सांगू? हेल्मेटात बिर्याणी आणली. बाळाच्या लंगोटांच्या पिशवीत थेपले आणले. एका गृहस्थांनी प्लॅस्टर केलेल्या पायात (पाय धडधाकट होता) उकडलेली अंडी आणली आणि पाण्यात उतरायची वेळ आली तेव्हा फसले. मी कोणाला ओरडत नाही. नाव लावून डबा टेबलावर ठेवतो आणि जाताना परत देतो. त्यामुळे मुंबईला बोटीवर चढताना तिथल्या लोकांनी आईची पिशवी उघडून भाकऱ्या आणि सुकटीची चटणी काढून घेतली, तेव्हा मला आतून बरंच वाटलं. मी आईला म्हणालो, बघ, असं काम पाहिजे. आईने पिशवीची नुसती घडी घातली.

बोटीचं वर्णन मी करत नाही, कारण मी ती धड पाहिलीच नाही. मला बसवेना. फाटकावर माझ्या जागी गजाला उभं केलं होतं आणि गजा म्हणजे हत्तीवर बसून कोणी समोसा खात आला तरी त्याला हत्ती दिसणार नाही. मी आपला या मजल्यावरून त्या मजल्यावर, कुठलं दार कोण राखतंय ते बघत हिंडत होतो. आणि इकडे आईने जेवणं सोडलेलं. म्हणजे सोडलं नव्हतं हो, तिला ते मिळतच नव्हतं. तिथे मांडव घातल्यासारखं जेवण मांडलेलं असतं, शंभर पदार्थ, ज्याने त्याने ताट घेऊन वाढून घ्यायचं. आई म्हणाली, आपल्या हातानं दुसऱ्याच्या घरचं उचलून घ्यायचं व्हय? आमी काय भुकंनं आलोय? आणि पदर नीट करून खुर्चीत बसली. एक वाढपी आला. चांगला होता, हसरा. म्हणाला, आजी, काही आणू? आई म्हणाली, नको. तो बरं म्हणून निघून गेला.

मामा, इथे सगळी गाडी रुळावरून घसरली. आपल्याकडचा पहिला नको म्हणजे, विचारलंत, बरं वाटलं. दुसरा नको म्हणजे, ताटात जागा करते. तिसऱ्याला माणूस ताट पुढे करतो. हे त्या पोराला कोण सांगणार? तो पहिल्या नकोलाच प्रमाण मानून गेला. आई त्याच्या परत येण्याची वाट बघत राहिली. मी माझ्या ताटातलं तिला वाढायला गेलो, अगं घे, पनीर आहे, घे ना, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी लहानपणी पेढे चोरले होते तेव्हाही पाहिलं नव्हतं. म्हणाली, तुज्या घरचं हाय का हे? लोकांच्या घरी बसून आपल्याच मानसाला आग्रह करतोस, लाज नाय वाटत? खरंच आहे, माझ्या घरचं नव्हतं. ती रात्र आणि दुसरा अख्खा दिवस (समुद्रात, चारी बाजूंनी पाणी, उतरायला जागा नाही) आई खोलीत न विचारता ठेवलेल्या चहाबिस्किटांवर राहिली. रात्री झोपेत तिच्या पोटाचा आवाज मला ऐकू येत होता. मला स्वतःचाच इतका राग आला की मी उठून पुन्हा मजले मोजायला गेलो.

तिसऱ्या दिवशी गोवा लागला. आईला चालवेना म्हणून ती वरच राहिली आणि मी एकटा उतरलो. माझं गणित सरळ होतं: मी विकत आणलेलं खाणं माझं. मग यजमान मी, आग्रह माझा, आणि आईला तिसऱ्या नकोपर्यंत नेणं हे माझं काम. बाजाराच्या मागे एक बाई घरीच खानावळ चालवते, तिच्याकडून भात घेतला, चार तळलेले बांगडे घेतले आणि किसमूर घेतली. (आपल्या सुकटीत ओलं खोबरं घातलं की तिकडे तिला किसमूर म्हणतात. आईला आवडणारच.) आता प्रश्न आत नेण्याचा. बंद पाकीट चालतं, शिजवलेलं चालत नाही, हे बोटीवर तीन ठिकाणी लिहिलेलं मी स्वतः वाचलं होतं आणि मनातल्या मनात त्यांची पाठ थोपटली होती. मी सतरा वर्षांचे सगळे चोर डोळ्यांपुढे आणले. वास मारायला बाम चोळणारे पहिले सापडतात, तेव्हा बाम नको. स्टीलचा डबा यंत्रात दिसतो, तेव्हा डबा नको. शेवटी एकच युक्ती उरली जिने मला दोनदा फसवलं होतं: ओला टॉवेल. समुद्रावरून आलेल्या माणसाचा वाळू लागलेला ओला टॉवेल कोणीही उघडून बघत नाही. केळीच्या पानात बांगडे, त्यावर प्लॅस्टिक, त्यावर टॉवेल. टॉवेल विकत घेऊन मी तो नळाखाली भिजवला आणि रस्त्यावरच्या वाळूत लोळवला. लोक बघत होते.

बोटीच्या दाराशी तपासणीला एक मुलगी होती, नाव रिया, सावंतवाडीकडची, मराठी बोलणारी. माझ्या पुढचा गृहस्थ फेणीच्या बाटल्या घेऊन आलेला. ती त्या मोजत असताना माझी पिशवी यंत्रातून गेली, पलीकडे निघाली, आणि मी आत. झालं होतं, मामा. काम फत्ते. लिफ्ट समोर होती, वर आई होती, हातात बांगडे गरम होते. आणि माझे पाय थांबले. मला राहवेना. पडद्याकडे न बघता पिशवी सोडायची? उद्या कोणी काही भलतंच आणलं तर? मी परत फिरलो आणि तिला समजावून सांगितलं, ताई, एका वेळी एकच माणूस बघावा, तुमच्या नाकासमोरून आत्ता चार बांगडे गेले. ती म्हणाली, कोणाचे? मी म्हणालो, माझे.

तिने टॉवेल उघडला. त्या वासाला फेणीवालासुद्धा परत आला. तिचा साहेब आला, त्याने सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याकडे मी ज्या नजरेने अंडीवाल्याकडे पाहिलं होतं तशाच नजरेने पाहिलं. मग म्हणाला, टाकून द्या, नाहीतर दाराबाहेर बसून संपवा, लवकर, दार बंद व्हायचंय. मी त्याला आईचं सांगितलं. सांगताना मला रडू आलं, ते लिहितो, लपवत नाही. त्याने वर फोन लावला आणि त्याच हसऱ्या वाढप्याने आईला चाकाच्या खुर्चीतून खाली आणलं. मला दोन गणवेशांच्या मध्ये उभा पाहून आईला वाटलं मला धरलंय. तिने साहेबाला हात जोडले. कसंबसं तिला समजावून धक्क्यावर रियाच्या टेबलाशी बसवलं आणि पान उघडलं.

आईने बांगड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात मांडीवर ठेवून बसली. अख्खी बोट बघत असताना कशी सुरुवात करणार? तेव्हा रिया म्हणाली, आजी, जेवा. आई म्हणाली, नको गं. रियाने घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, आजी, जेवा हो, वेळ नाही. आई म्हणाली, नको बाय, तूच खा, दमली असशील. तेव्हा रिया कमरेवर हात ठेवून म्हणाली, हे बघा आजी, पानातलं सगळं संपवल्याशिवाय मी तुम्हाला इथून उठूच देणार नाही.

आईचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. तिने पान पुढे ओढलं आणि जेवली. चारही बांगडे. किसमूर बोटाने निपटून खाल्ली. शेवटी रियाच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, इतक्या मोठ्या घरात तू एकटीच मानूस भेटलीस. रियाला काही कळलं नाही, पण तिने जाताना आईला नमस्कार केला. त्या रात्री आई वरच्या जेवणालाही आली. कारण आता ते रियाचं घर होतं. रिया मात्र खाली दारावर होती, म्हणून तिचा निरोप घेऊन तो वाढपी आला, रिया म्हणते जेवा, असं त्याने तीनदा सांगितलं, आणि आई भात जेवली.

तर उपाशी मारल्याची बातमी ही अशी आहे. गैरसमज नसावा. वडीलधाऱ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, गाईला माझ्याकडून एक पेंढी.

तुमचा,
मनोज

ता. क. मामा, वर लिहिलं ते सगळं खरं, पण पत्र त्यासाठी लिहिलेलं नाही. परत आल्यावर एक दिवस रजा उरली होती म्हणून किती वर्षांनी मी दुपारी घरी होतो. नम्रता सकाळी सगळं करून झाकून ठेवून जाते, तिच्यात काही कमी नाही. दुपारी तिचा फोन आला, आई, जेवून घ्या हं. आई हो हो म्हणाली, फोन ठेवला आणि चहात खारी बुडवून खाल्ली. मी विचारलं, हे कधीपासून? तर म्हणाली, घे म्हनायला कोन असतंय रं दुपारचं. एकटीनं किती घ्यायचं. मी तिथून उठलो आणि परसात जाऊन उभा राहिलो. वाळली ती समुद्राच्या अलीकडे, आमच्याच घरात. तेव्हा तुम्ही महिनाभर इथे या आणि दुपारी तिच्यासमोर बसा. तुम्ही तिला आग्रह करा, ती तुम्हाला करील. तुम्हालाही तिकडे घ्या म्हणायला कोणी नाही.

ता. क. २. तुम्ही नको म्हणाल, गाईचं कारण सांगाल. गाईला शेजारी बुधाजी बघेल, मी त्याच्याशी बोललो आहे. या.

ता. क. ३. तरीही नको म्हणाल, म्हणून तिसऱ्यांदा लिहितो, या. नम्रता रविवारी तुम्हाला फोन करील. ती एकदाच विचारते. तिला पहिल्याच वेळी हो म्हणा.