अकरा नंबरची पट्टी

३ नोव्हेंबर १९७७
आज रुजू झालो. धंतोलीतला हा दवाखाना मधुसूदनचा. तो माझा जुना विद्यार्थी, आता मेंदूचा डॉक्टर. मागच्या बाजूला मला खोली दिली आहे. स्वच्छ, उजेडाची. मुलगा वसंत ट्रंक ठेवून कळमेश्वरला परतला. घर विकायच्या कागदावर मी सही करत नाही म्हणून तो घुश्शात असतो, पण आज नीट बोलला. कंपवातामुळे हात थरथरतो. इथे त्याची अडचण नाही. काम डोळ्यांचे आणि गणिताचे.

५ नोव्हेंबर
कंपवाताच्या काही रोग्यांची बुद्धीही मंदावते. बोलण्यात कळण्याआधी ते मेंदूच्या लहरींत दिसेल, असे मधुसूदनला वाटते. डोक्याला तारा लावतात, आठ लेखण्या कागदावर लाटा काढतात. तीन सेंटिमीटर म्हणजे एक सेकंद. त्यात नऊ-दहा लाटा असाव्यात. आठाच्या खाली गेल्या की घसरण. मी मोजतो. पट्टीवर नाव नको, फक्त नंबर, ही अट माझी. बोर्डाचे पेपर तीस वर्षे असेच तपासले. नाव दिसले की हात सैल होतो.

सकाळी यंत्राची तपासणी माझ्या डोक्यावर होते. ती पट्टी फेकून देतात. तारा नत्थूजी चिकटवतो. म्हणाला, “गुरुजी, लई गणित भरलं हाये तुमच्या डोक्यात. सुया पाहा कशा नाचून राहिल्या.” मी हसलो. तो म्हणाला, “हसू नका गा, कागद खराब होते.”

२८ नोव्हेंबर
अकरा नंबरच्या लाटा सेकंदाला साडेआठ होत्या, आज पावणेआठ. बाकीचे स्थिर. कोण असेल बिचारा. विचारले नाही.

१९ डिसेंबर
अकरा नंबर सातवर. मधुसूदनने विचारले, अशा माणसाच्या सहीवर विसंबावे का. मी नाही म्हणालो. त्याने शेरा लिहून मागितला. लिहिला : या व्यक्तीचा निर्णय आणि सही ग्राह्य धरू नये. खाली सही केली.

९ जानेवारी
वसंत दवाखान्यात येऊन गेला. मला न भेटता. नत्थूजीकडून कळले.

१६ जानेवारी
अकरा नंबरच्या जुन्या पट्ट्या पुन्हा मोजायला काढल्या. पहिल्या पट्टीत एके ठिकाणी लाटा विस्कटलेल्या. कोणी खोकले, हलले तर नत्थूजी कडेला पेन्सिलीने लिहितो. तिथे लिहिले आहे : गुरुजी हसले.

तीनदा वाचले.

१७ जानेवारी
नत्थूजी मान वर करत नाही. “मले वाटलं, तुमाले ठाऊक हाये.”
मधुसूदन शांत होता. म्हणाला, “सर, मी एकही आकडा बदललेला नाही. तुम्हीच मोजलेत. शेरा वसंतच्या वकिलाकडे गेला आहे.” आता घर विकायला माझी सही लागणार नाही.
हा मधुसूदन माझ्या घरी बसून भूमिती शिकला. त्याच घरी.

२० जानेवारी
कळमेश्वरला जायला निघालो. फाटकावर अडवले. नवा माणूस. मला सर न म्हणता आजोबा म्हणाला.

२३ जानेवारी
वही उघडली तर आजची नोंद आधीच लिहिलेली. अक्षर माझे, पण मुंगीएवढे. “वसंत आला. चहा घेतला. घराच्या किल्ल्या मीच काढून दिल्या.”
वसंत आलेला नाही. मला आठवत —
ट्रंक पाहिली. किल्ल्या नाहीत.

२६ जानेवारी
आणखी दोन पाने. तेच अक्षर. भिंगाखालीही लागत नाही. कोणीतरी माझा हात —
नत्थूजी म्हणतो, गुरुजी, तुम्हीच लिहून राहिले होते, म्या पाह्यलं.
तोही त्यांचाच.

तारीख — नंतर लिहीन
कोर्टात जाणार. न्यायाधीश विचारतील, तेव्हा उत्तर तयार हवे. बुद्धी तपासायला शंभरातून सात वजा करत जायला सांगतात. सातवीतली पोरे करतात. इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुरावा राहील. माझे डोके शाबूत आहे.
९३
८६
७९
७२
७२
सात वजा
७२
सा