ज्लातिनाची काळी चौकट

डोल्ना वर्बा, ता. ११ मार्च

वडीलधाऱ्या नेव्यानाताईंना स्तोइमेनचा नमस्कार. या थंडीत तुमचे गुडघे कसे आहेत? तुमच्या बहिणीला, माझ्या राद्काला जाऊन मंगळवारी चाळीस दिवस होतील. चर्चमध्ये सगळं सांगून ठेवलं आहे, काळजी नसावी. रोज कोणी ना कोणी मला धीर द्यायला येतं आणि मीच त्यांना धीर देऊन घरी पाठवतो.

मध्यंतरी एक प्रकार घडला. तो दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच लिहितो. आपली नात ज्लातिना रोजगार कचेरीत गेली होती. शिकतही नाहीत आणि कमावतही नाहीत अशा तरुणांसाठी सरकारने साऱ्या बल्गेरियात योजना काढली आहे. तिथल्या बाई म्हणाल्या, फोटो छापून स्वतःची जाहिरात गावभर लाव. ज्लातिना आजीच्या चाळिसाव्याची, खांबांवर लावायची काळ्या चौकटीतली फोटोची पत्रकं छापायला टाकणारच होती, तिने आपलंही काम छापखानेवाल्या स्पासला दिलं. स्पास तीस वर्षं मृतांचीच पत्रकं छापतो. त्याने काळी चौकट तशीच ठेवली. (क्रूस तेवढा वगळला.) मजकूर पोरीचाच होता : "ज्लातिना, वय २४. शांत, कष्टाळू, कुणाला त्रास नाही. कुठेही जायची तयारी आहे."

दोघींची पत्रकं मीच खांबाखांबांवर शेजारी शेजारी चिकटवली. मला काही वावगं दिसलं नाही. (महिनाभर मी मृतांच्या पत्रकांखेरीज दुसरं काही वाचलेलंच नाही.)

दुपारी शेजारच्या त्सोनकाबाई मृतांच्या नावाने वाटतात ते उकडलेले गोड गहू आणि सहा फुलं घेऊन रडत आल्या. दार ज्लातिनानेच उघडलं.

"अगं बये! तू गेलीस ना?"

"नाही हो काकू, बेकार आहे."

"एवढंच ना! मेले, घाबरले की मी!" असं म्हणून त्यांनी एक फूल काढून घेतलं, कारण सम संख्येत फुलं मृतांनाच देतात, आणि उरलेली पाच तिच्या हातात दिली. गहू मात्र बसून दोघींनी खाल्ले.

कचेरीत त्याहून वाईट. कोणीतरी पत्रक पाहिलं आणि पोरीचं नाव यादीतून कमी झालं. (त्या कचेरीत एका दिवसात झालेलं हे पहिलं काम.) जिवंत आहे हे सांगायला तिला स्वतः जावं लागलं. नाव परत चढवताना बाईंनी अर्ज वाचला. दोन वर्षं काय केलंत, या प्रश्नापुढे तिने "काही नाही" लिहिलं होतं.

"काही नाही म्हणजे? घरी बसून होतीस?"

"आजी अंथरुणाला खिळली होती. तिला उचलायचं, पुसायचं, भरवायचं. ते काय, घरचंच."

बाईंनी ते "काही नाही" खोडलं. मग वृद्धांच्या शुश्रूषेचं सहा महिन्यांचं प्रशिक्षण त्यांनी तिच्या नावावर लिहिलं. प्रशिक्षण तुमच्या रुसे शहरात आहे. बुधवारी हजर व्हायचं, नाहीतर जागा जाते. पण मला एकटं टाकून जाणार नाही, असा हट्ट धरून ती बसली आहे.

तुमचा,
स्तोइमेन

ता. क. तुमची मागची खोली सहा महिने तिला द्याल का?

ता. क. दोन : मंगळवारी याल तेव्हा तिच्यादेखत मला "जेवता ना?" असं विचारू नका. मला स्वयंपाक येतो असं मी तिला पटवलं आहे. काल केलेलं सूप तिने चाखायच्या आत मी ओतून दिलं, म्हणून निभावलं.